आगीनंतरचे बटर : ग्रिलवर भाजलेल्या पदार्थांसाठी कंपाउंड बटर घरी कसे करावे

तव्यावर किंवा पॅनमध्ये मासा, मांस वा भाजी परतली की तळाशी रस आणि खरपूस चिकटलेला अंश उरतो आणि त्यातच थोडे पाणी वा स्टॉक घालून आयता सॉस तयार होतो. ग्रिलवर ही सोय नसते. पदार्थातून सुटलेला रस जाळीतून थेट निखाऱ्यांवर पडून जळून जातो, त्यामुळे उत्तम भाजलेला पदार्थही ताटात येताना काहीसा कोरडा येतो. ही उणीव भरून काढण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कंपाउंड बटर. मऊ केलेल्या बटरमध्ये सुगंधी पाने, लसूण, लिंबू, मिरची असे काही मिसळून ते पुन्हा घट्ट करायचे आणि त्याची गार चकती गरम पदार्थावर ठेवायची. चकती वितळते, पदार्थाच्या रसात मिसळते आणि ताटातच सॉस तयार होतो. फ्रेंच पाककलेत या प्रकाराला ‘बर कॉम्पोझे’ म्हणतात. त्यातले सर्वांत परिचित ‘मेत्र दोतेल’ बटर हे पार्सली, लिंबाचा रस, मीठ आणि मिरपूड एवढ्यावरच उभे आहे.

अनेकांची पहिली चूक अशी होते की ते हे बटर पदार्थ भाजतानाच त्याला चोपडतात. मीही तेच केले होते. लसणाचे बटर माशाच्या तुकड्यांवर सढळ हाताने लावून ते जाळीवर ठेवले आणि क्षणात बटर ठिबकून निखाऱ्यांनी भडका घेतला. माशावर काजळी धरली, लसूण कोळशासारखा काळा व कडू झाला आणि लिंबाचा तर मागमूसही उरला नाही. बटरमधील दुधाचा अंश साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आसपास तपकिरी होऊन पुढे जळू लागतो, आणि तापलेली जाळी त्याहून कितीतरी गरम असते. तेव्हा भाजण्यासाठी पदार्थाला साधे तेल लावावे आणि कंपाउंड बटर आगीवरून उतरवल्यानंतरच वापरावे. पुढची सगळी कृती याच गृहीतावर बेतलेली आहे.

बटरची निवड आणि त्यातील पाणी

बाजारातील बटरमध्ये साधारणपणे किमान ८० टक्के स्निग्धांश, सुमारे १६ टक्के पाणी आणि उरलेला थोडा दुधाचा घन अंश असतो. हे पाणी स्निग्धांशात अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात विखुरलेले असते. हा तपशील केवळ माहितीसाठी नाही, कारण कंपाउंड बटर बिघडते ते बहुतेक वेळा पाण्यामुळेच. मीठ स्निग्धांशात विरघळत नाही, ते फक्त या थोड्याशा पाण्यात विरघळते. म्हणून जाड मीठ घातले तर त्याचे खडे दाताखाली येतात आणि बारीक मीठच वापरावे लागते. लिंबाचा रसही या थेंबांच्या सोबतीनेच सामावून घ्यावा लागतो; तो एका मर्यादेबाहेर गेला की बटर त्याला धरून ठेवत नाही आणि वाडग्याच्या तळाशी पाणी साचते.

बिनमिठाचे बटर घेतल्यास मिठाचे प्रमाण आपल्या हातात राहते. खारे बटरच हाताशी असेल तरी अडत नाही, मात्र त्यात साधारण दीड ते दोन टक्के मीठ आधीच असते हे लक्षात ठेवून कृतीतील मीठ पूर्णपणे वगळावे. घरी घुसळून काढलेले लोणी वापरायचे असेल, तर त्यात ताकाचा अंश आणि जास्तीचे पाणी राहिलेले असते. ते बर्फाच्या पाण्यात, पाणी स्वच्छ निघेपर्यंत दोन-तीनदा धुवावे आणि मग लाकडी चमच्याने दाबून दाबून पाणी काढून टाकावे. ‘लो फॅट’ म्हणून मिळणारे स्प्रेड या कामाला निरुपयोगी ठरतात, कारण त्यांत पाण्याचे प्रमाण मुळातच जास्त असते. ते नीट गोठत नाहीत आणि गरम पदार्थावर पाणचट होऊन पसरतात.

मूळ कृतीचे प्रमाण

प्रथम पार्सली आणि लिंबाचे साधे बटर करून हात बसवावा. त्यासाठी २०० ग्रॅम बिनमिठाचे बटर, बारीक चिरलेली पार्सली ४ मोठे चमचे, एका लिंबाची किसलेली साल, २ छोटे चमचे लिंबाचा रस, साधारण ४ ग्रॅम म्हणजे पाऊण छोट्या चमच्याहून किंचित कमी बारीक मीठ आणि ताजी दळलेली मिरपूड अर्धा छोटा चमचा एवढे साहित्य लागते. येथे मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटरचा आणि छोटा चमचा ५ मिलिलिटरचा धरला आहे. पार्सली नसेल तर कोथिंबीर चालते. मात्र तिचा स्वाद अधिक ठसठशीत असल्याने प्रमाण तीन चमच्यांवर आणावे.

पहिली पायरी : बटर मऊ करणे, वितळवणे नव्हे

दुधाच्या स्निग्धांशाला एकच एक वितळणबिंदू नसतो. तो साधारण १८ ते २० अंशांना मऊ पडून आकार घेऊ लागतो आणि ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान पूर्ण वितळतो. आपल्याला हवी ती अवस्था पहिली आहे. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण बटरचा तुकडा आपला आकार धरून असावा आणि त्याच्या पृष्ठभागावर तेलकट चमक आलेली नसावी. यासाठी बटरचे एक सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करून ते ताटात सुटे पसरावेत. हवा थंड असेल तर पाऊण तास लागतो, उन्हाळ्यात पंधरा मिनिटेही पुरतात. घाई असेल तर गार बटर किसून पसरावे, ते पाच-दहा मिनिटांत तयार होते.

मायक्रोवेव्हचा मोह टाळलेला बरा. त्यात बटर सर्वत्र सारखे तापत नाही. कडा घट्ट राहतात आणि मधला भाग वितळून जातो. एकदा वितळलेल्या बटरमधील पाणी व स्निग्धांश वेगळे होतात, आणि ते पुन्हा गोठवले तरी पूर्वीची गुळगुळीत, मलईदार घडण परत न येता ते रवाळ होते.

दुसरी पायरी : पाने कोरडी करणे

या पायरीला लोक सर्वांत कमी वेळ देतात आणि फसतात तेही इथेच. पाने धुऊन झाल्यावर झटकून घेणे पुरेसे नाही. ती स्वच्छ कापडावर पसरून अर्धा तास ठेवावीत आणि नंतर कोरड्या कापडात गुंडाळून हलक्या हाताने टिपून घ्यावीत. चिरण्यासाठी सुरी धारदार हवी. बोथट सुरीने पाने कापली न जाता चेचली जातात, त्यांतील रस पाटावर राहतो आणि पाने काळी पडतात. मिक्सरमध्ये वाटण्याचे टाळावे. वाटलेल्या पानांचा रस सुटून बटर हिरवे व ओलसर होते आणि चवीला गवतासारखे लागते. चिरून झाल्यावर पार्सली पुन्हा एकदा कागदी रुमालात धरून दाबावी. रुमालावर उमटणारा हिरवा डाग पाहिला, की एवढे पाणी बटरमध्ये गेले असते हे लक्षात येते.

रोझमेरी आणि थाइमसारखी कडक पाने फारच बारीक चिरावीत आणि पार्सलीच्या पाव प्रमाणातच घ्यावीत, कारण ती शिजणार नसतात आणि त्यांचा वास गार बटरमध्येही दुसऱ्या दिवशी वाढलेला जाणवतो. पुदिना मात्र चिरल्यावर लगेच काळवंडतो, म्हणून तो अगदी शेवटी चिरून लागलीच बटरमध्ये मिसळावा.

लसणाविषयी थोडे सविस्तर

लसणाची पाकळी अख्खी असते तोवर तिला फारसा उग्र वास नसतो. ती चिरली किंवा ठेचली की तिच्या पेशींतील एक विकर बाहेर येऊन तिखट, झोंबणारे संयुग तयार होते. पाकळी जितकी बारीक कराल तितका उग्रपणा वाढतो. कच्चा लसूण वापरायचा असेल तर २०० ग्रॅम बटरला दोन मध्यम पाकळ्यांहून अधिक घेऊ नयेत. पाकळ्यांवर कृतीतलेच चिमूटभर मीठ घालून सुरीच्या पात्याने घासून किंवा खलबत्त्यात ठेचून गुळगुळीत गोळी करावी, म्हणजे कुठेही लसणाचा कच्चा तुकडा दाताखाली येत नाही. हे बटर रात्रभर ठेवल्यावर लसूण आणखी पुढे येतो, म्हणून करताना तो थोडा कमी वाटला तरच योग्य प्रमाण पडले असे समजावे.

माझी पसंती भाजलेल्या लसणाला आहे. गड्ड्याचा वरचा भाग कापून त्यावर थोडे तेल सोडावे, गड्डा फॉइलमध्ये गुंडाळून १८० अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा ग्रिलच्या कमी आचेच्या कोपऱ्यात ४० ते ५० मिनिटे ठेवावा. पाकळ्या मऊ, तपकिरी आणि गोडसर होतात आणि दाबताच सालीतून बाहेर येतात. अशा सहा-आठ पाकळ्याही बटरला जड होत नाहीत. मात्र लसूण पूर्ण गार झाल्याशिवाय बटरमध्ये घालू नये.

लसणाच्या बाबतीत सुरक्षिततेचा एक मुद्दा गांभीर्याने घ्यायला हवा. लसूण जमिनीत वाढतो आणि त्याच्यासोबत बोट्युलिझम या विषबाधेस कारणीभूत ठरणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू येऊ शकतात. आम्लता कमी आणि हवा नाही अशा ठिकाणी, म्हणजेच तेलात किंवा बटरमध्ये बुडालेल्या अवस्थेत, सामान्य तापमानाला हे बीजाणू सक्रिय होऊन विष तयार करू शकतात. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे अशी सामूहिक विषबाधा झाली होती. लसूण भाजल्याने किंवा उकळल्याने हे बीजाणू नष्ट होत नाहीत आणि विष तयार झाले तरी वासावरून वा चवीवरून ते ओळखू येत नाही. त्यामुळे लसणाचे बटर कधीही ओट्यावर ठेवून देऊ नये. ते ४ अंश किंवा त्याहून थंड फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावे, अन्यथा सरळ फ्रीझरमध्ये टाकावे.

तिसरी पायरी : मिसळण्याचा क्रम

मऊ बटर रुंद वाडग्यात घेऊन लाकडी चमच्याने किंवा स्पॅच्युलाने एकजीव करावे. बीटरने फेटून त्यात हवा भरण्याची गरज नाही. फेटलेले बटर पावावर लावायला छान असते, पण गरम पदार्थावर ते फार लवकर विरून जाते आणि चकती वितळताना पाहण्याची मजाही जाते. प्रथम मीठ, मिरपूड आणि लिंबाची साल घालून नीट मिसळावे, त्यानंतर लसूण, मग पाने. सालीचा फक्त वरचा रंगीत थरच किसावा, त्याखालचा पांढरा भाग कडू असतो.

लिंबाचा रस सर्वांत शेवटी आणि अर्धा-अर्धा छोटा चमचा करून घालावा. प्रत्येक वेळी घातलेला रस पूर्ण जिरला, वाडग्याच्या कडेला ओल दिसेनाशी झाली, की मगच पुढचा घालावा. रस फ्रिजमधला नसावा; थंड रस पडताच त्याच्याभोवतीचे बटर घट्ट होते आणि रस बाहेरच राहतो. २०० ग्रॅम बटर दोन छोटे चमचे रस सहज पेलते. चारपर्यंत नेता येईल, पण तिथे मेहनत वाढते आणि खात्री कमी होते. अधिक आंबटपणा हवा असेल तर रसापेक्षा साल वाढवणे शहाणपणाचे, कारण सालीतील सुगंधी तेल स्निग्धांशात आनंदाने मिसळते.

आता चव पाहायची, पण चमच्याने गार बटर चाटून नव्हे. गार स्निग्धांश जिभेवर थर धरतो आणि मीठ, आंबटपणा दोन्ही फिके वाटतात. त्या अंदाजाने मीठ वाढवले की गरम पदार्थावर ते खारट ठरते. पावाचा छोटा तुकडा गरम करून त्यावर थोडे बटर वितळू द्यावे आणि तो खाऊन पाहावा. पाव साधा असल्यामुळे या चाचणीत बटर किंचित जास्त चवदार लागले पाहिजे, कारण प्रत्यक्षात एक चकती बऱ्याच मोठ्या तुकड्याला पुरवायची असते.

चौथी पायरी : वळकटी बांधणे

बटर पेपरचा साधारण ३० सेंटिमीटर लांबीचा तुकडा घेऊन त्याच्या जवळच्या कडेपासून थोड्या अंतरावर बटरची १८ सेंटिमीटर लांब रास घालावी. कागदाची जवळची कड उचलून बटरवरून पलीकडे न्यावी. खालचा कागद एका हाताने घट्ट धरून, वरच्या कागदावर पट्टीची किंवा सपाट सुरीची कड टेकवून ती बटरच्या बुडाशी दाबत नेली, की बटर आवळले जाऊन आपोआप गोल होते आणि आतील हवेच्या पोकळ्या निघून जातात. मग वळकटी गुंडाळून दोन्ही टोके चॉकलेटच्या कागदाप्रमाणे विरुद्ध दिशांना पिळावीत. पिळ देताना मधे बटर कडक होत गेल्याचे हाताला कळते. २०० ग्रॅमची वळकटी साधारण ४ सेंटिमीटर जाडीची होते आणि एक सेंटिमीटरच्या चकत्या पाडल्यास प्रत्येकी १२ ग्रॅमच्या सुमारे सोळा-सतरा चकत्या मिळतात.

फ्रिजमध्ये किमान दोन तास ठेवल्याशिवाय ती कापू नये. रात्रभर ठेवल्यास स्वाद एकमेकांत मुरतात, म्हणून ग्रिलचा बेत शनिवारी असेल तर बटर शुक्रवारी करणे उत्तम. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यावी. बटर आजूबाजूचे वास झटकन ओढते, त्यामुळे कागदावरून क्लिंग फिल्मचा आणखी एक थर आणि त्यावर झाकणाचा डबा असा बंदोबस्त करावा. फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना ते दोन-तीन महिने चांगले टिकते. चकत्या आधीच पाडून, मधे कागदाचे तुकडे घालून गोठवल्या, तर हव्या तेवढ्याच काढता येतात. पिशवीवर तारीख आणि घटक लिहावेत, कारण गोठलेल्या दोन हिरव्या वळकट्यांमधला फरक महिन्याभराने कोणालाही सांगता येत नाही.

ग्रिलपाशी

पदार्थ उतरवण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी चकत्या फ्रिजमधून बाहेर काढाव्यात. एकदम गोठलेली चकती पातळ माशावर ठेवली तर मासा गार होतो आणि चकती तशीच राहते. मांसाचा जाड तुकडा आगीवरून काढल्यावर पाच मिनिटे तसाच ठेवायचा असतो. चकती त्या वेळीच वर ठेवावी, म्हणजे बटर आणि सुटणारा रस एकत्र येऊन ताटलीत सॉस जमतो आणि तो चमच्याने पुन्हा वर सोडता येतो. माशावर आणि कोळंबीवर मात्र बटर वाढतानाच ठेवावे. पदार्थ आतून शिजला आहे का, हे बटर ठेवण्यापूर्वी पाहावे. थर्मामीटर असल्यास चिकनच्या मध्यभागी ७४ अंश आणि माशाच्या मध्यभागी ६३ अंश तापमान आले पाहिजे.

मशरूम देठ काढून, वाटीसारखे उताणे ठेवून भाजावेत आणि प्रत्येकात अर्धी चकती टाकावी. मक्याचे कणीस गरम असतानाच चकतीवर फिरवावे. वांगी, झुकिनी, ढोबळी मिरची या भाज्यांना बटर थोडे कमी पण लिंबू जास्त असलेले आवडते, तर भाजलेल्या बटाट्याला कितीही बटर कमीच पडते.

आगीनंतरच बटर लावण्याच्या नियमाला दोन अपवाद आहेत. पावाचे काप दोन्ही बाजूंनी कोरडे भाजून झाल्यावर बटर लावून ते मंद आचेच्या बाजूला मिनिटभर परत ठेवले, तर कडा छान खरपूस होतात. दुसरा अपवाद चिकनच्या कातडीखाली सारलेल्या बटरचा; तिथे कातडी बटरचे आगीपासून रक्षण करते, तरीही कोंबडी निखाऱ्यांच्या थेट वर न ठेवता बाजूला ठेवून, झाकण लावून भाजावी.

आणखी काही मिश्रणे

मिरचीचे बटर करताना पाप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) किंवा मिरचीची पूड कोरडीच बटरमध्ये ढवळू नये. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही स्निग्धांशात विरघळतात, पण त्यासाठी थोडी ऊब लागते. एकूण बटरपैकी एक मोठा चमचा बटर मंद आचेवर वितळवून त्यात दीड छोटा चमचा पाप्रिका आणि पाव छोटा चमचा मिरचीची पूड अर्धा मिनिट हलवावी, पूर्ण गार करावी आणि मग उरलेल्या मऊ बटरमध्ये मिसळावी. हवा असल्यास एक छोटा चमचा मध घालावा. मक्यावर आणि कोळंबीवर हे बटर सर्वांत खुलते.

तपकिरी बटरचे मिश्रण थोडे कष्टाचे आहे, पण करून पाहावे असे आहे. २०० पैकी १०० ग्रॅम बटर पांढऱ्या तळाच्या भांड्यात मध्यम आचेवर ठेवावे. प्रथम ते तडतडते, म्हणजे त्यातील पाणी उडत असते. तडतड थांबली की फेस येतो, तळाशी दुधाचे कण सोनेरी होतात आणि भाजलेल्या सुक्यामेव्यासारखा वास सुटतो. त्या क्षणी ते कणांसकट दुसऱ्या थंड भांड्यात ओतावे. त्याच भांड्यात ठेवले तर भांड्याच्या उष्णतेने ते जळते. घट्टसर आणि अपारदर्शक होईपर्यंत गार झाल्यावर उरलेल्या १०० ग्रॅम मऊ बटरमध्ये ते घोटावे. यात पाणी निम्मेच उरलेले असल्यामुळे मीठ आधी लिंबाच्या रसात विरघळवून घ्यावे, नाहीतर ते कणाकणाने लागते.

मांसासाठी अँकोव्हीचे (खारवलेल्या छोट्या माशांचे) सहा तुकडे बारीक ठेचून, एक मोठा चमचा चिरलेले केपर्स (खारवलेल्या आंबट-खारट कळ्या) घालून केलेले बटरही नामी होते. केपर्स घट्ट पिळून घ्यावेत आणि वेगळे मीठ अजिबात घालू नये.

बिघडलेच तर

मिश्रण फुटून पाणी वेगळे झाले असेल तर वाडगा दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा घोटावा, बहुधा ते जुळते. तरीही तळाशी पाणी राहिलेच तर ते सरळ ओतून टाकावे आणि चव पुन्हा पाहावी, कारण त्या पाण्याबरोबर मीठ आणि आंबटपणाही गेलेला असतो. खारट झालेल्या बटरला बिनमिठाचे आणखी बटर हाच उपाय आहे. घोटताना ते फारच पातळ, तेलकट झाले असेल तर वाडगा थंड पाण्यात धरून सतत ढवळत राहावे. पूर्ण वितळलेच असेल, तर वळकटीचा नाद सोडून ते गरम असतानाच भाजलेल्या बटाट्यांवर ओतावे आणि चकत्यांसाठी नवे बटर मऊ करायला काढावे.